देवीच्या राईत बायकांना जागा कुठे?

सुरंगी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच टाकते.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वराच्या बाजूला. गावाच्या वरच्या अंगाला काळकाईची राई आहे, म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं रान. देऊळ म्हणावं असं काही नाही. एका थोराड बेहड्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे अनघड दगड, समोर जांभ्याचा चौथरा, दोन-चार जुनी पाषाणं आणि वर आभाळ. बेहड्यावरून गारंबीची वेल पलीकडच्या किंजळीवर गेली आहे, माणसाच्या मांडीएवढी जाड. शेंगा पडतात त्या हातभरापेक्षा लांब. लहानपणी आम्ही त्यातल्या गरगरीत बिया वेचायला जायचो तेव्हा आजी बजावायची, "खेळायला घे, पण घरी आणू नकोस, तिचं आहे ते." राईच्या पायथ्याशी झरा आहे. वैशाखात गावच्या विहिरी तळाला गेल्या की त्याच झऱ्यावर हंड्यांची रांग लागते.

आता जीर्णोद्धार ठरलाय. मुंबईच्या मंडळींनी निधी जमवला आहे. आरसीसी गाभारा, सभामंडप, भोवती पेव्हर ब्लॉक, गाड्या वरपर्यंत याव्यात म्हणून रस्ता. त्यासाठी किंजळ, दोन सातविणी आणि बाजूची जांभळं जाणार. बेहडा ठेवू म्हणतात, पण त्याची मुळं काँक्रीटखाली गेल्यावर तो किती वर्षं टिकणार?

बैठक मानकऱ्यांची होती, बायकांना बोलावणं नव्हतं. माझी काकी पायरीखाली उभी राहून ऐकत होती. तिने तिथूनच विचारलं, "झऱ्याचं काय करणार?" कुणी उत्तर दिलं नाही. पुढचा विषय घेतला, वर्गणीचा.

मी देवी मानते. नवरात्रात घटाभोवती माती पसरून धान्य पेरते, ते उगवताना बघून दर वर्षी डोळे भरून येतात. मी स्त्रीवादी आहे आणि झाडांवर माझा जीव आहे. या तीन गोष्टी मला कधी वेगळ्या वाटल्याच नाहीत. पण त्या बैठकीनंतर प्रश्न पडला. जिथे देव बाई आहे, पाणी बाई भरते, औषधाची साल-मुळी बाई ओळखते, तिथे ठरवताना बाई पायरीखाली का? तुमच्या गावाकडे काय चाललंय ते सांगा. आणि आमची राई वाचवायला काही करता येईल का तेही.

जांभा

सुरंगीताई, मी शेजारच्याच तालुक्यातला. आमच्या घराण्याकडे पालखीचा मान आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

राया आजवर टिकल्या त्या नियमांमुळे. पायताण बाहेर काढायचं, पान तोडायचं नाही, वाळलेली फांदीसुद्धा उचलायची तर आधी गाऱ्हाणं घालून कौल, म्हणजे देवीची परवानगी, घ्यायचा. माझ्या आजोबांच्या काळात घराचं आढं मोडलं होतं आणि राईत ऐनाचं झाड वाऱ्याने उन्मळून पडलं होतं. गुरवाने पाषाणाला पाकळ्या लावल्या, उजवी पडेल म्हणून सगळे वाट बघत बसले. डावी पडली. ते झाड तिथेच कुजलं, आढ्यासाठी लाकूड विकत आणलं. त्याच नियमांत बायकांनी अमुक दिवसांत यायचं नाही हेही आलं. एक नियम मोडला की बाकीचे आपोआप ढिले होतात, ही भीती खरी आहे. तुमच्या गावची जीर्णोद्धाराची योजना मलाही पटलेली नाही. पण रूढीवर बोट ठेवून राई वाचेल असं वाटत नाही.

ओवी

जांभादादा, तुमच्या आजोबांची गोष्ट वाचून तुमच्या घराण्याबद्दल आदर वाटला. पण दोन नियमांची गाठ मारू नका. झाड तोडायचं नाही हा नियम राईसाठी आहे. पाळीच्या दिवसांत बाईने बाहेर बसायचं हा नियम राईच्या कोणत्या झाडाला उपयोगी पडला? आणि बघा, सुरंगीच्या गावात पहिला नियम मोडायला निघालेत ते मानकरीच. दुसरा मात्र शाबूत आहे.

आपल्या व्रतांमध्ये ही गुंतागुंत जागोजागी दिसते. ऋषिपंचमी घ्या. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही. नांगर न लावता परसात, बांधावर आपसूक आलेलं खायचं. अळू, माठ, भेंडी, सुरण, दोडका, मक्याची कणसं, सगळं एका भांड्यात शिजवायचं. आघाड्याच्या काड्यांनी दात घासायचे, अंघोळ करायची. वर्षातून एक दिवस जनावराला विसावा आणि जमिनीने आपणहून दिलेल्यावर पोट भरायचं. इतकं सुंदर व्रत! आणि त्याच व्रताची कहाणी उघडून वाचा. ते कशासाठी? तर पाळीत शिवाशिव झाल्याचं पाप फिटावं म्हणून. कहाणीतली बाई विटाळ कालवला म्हणून कुत्री होऊन जन्मते. मी ऋषीची भाजी आजही मनापासून करते. कहाणी मात्र मुलीला वाचून दाखवत नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते आपण ठरवू शकतो. आपल्या आधीच्या बायकांनीही ते ठरवतच आणलं आहे.

ओडिशात रजपर्व असतं, जूनच्या मध्यावर, पाऊस सुरू होताना. धरणीला पाळी आली असं मानतात. नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही. मुली नवे कपडे घालून झोपाळ्यावर झुलतात, कामाला सुट्टी. आसामात कामाख्येला अंबुबाचीच्या दिवसांत देऊळ बंद असतं, कारण देवी रजस्वला असते, आणि ते सरल्यावर लाखो लोक दर्शनाला येतात. तीच गोष्ट कुठे सण झाली आणि आपल्याकडे पाप.

कुळागर

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे सातेरी देवी. तिचं मूळ रूप म्हणजे वारूळ. काही देवळांत आजही गाभाऱ्यात खरंखुरं मातीचं वारूळ आहे, त्यावर चांदीचा मुखवटा चढवतात. रा. चिं. ढेरे यांनी लज्जागौरीवर लिहिताना सातेरी, रेणुका, यल्लम्मा यांचं वारुळाशी असलेलं नातं उलगडून दाखवलं आहे. वारूळ म्हणजे भूमीची योनी, जिथून जीव वर येतो. पुढे सातेरीची शांतादुर्गा झाली, मूर्ती आली, संगमरवर आला. तरी गावच्या म्हाताऱ्या आजही वारुळाला हात लावून नमस्कार करतात.

वारुळाजवळ नांगर फिरवत नाहीत, पाण्याचा पाट वळवून नेतात. त्यामुळे तेवढा तुकडा राखला जातो, त्याभोवती झाडं वाढतात. श्रद्धेने जमीन कशी राखली जाते हे मी डोळ्यांनी बघितलंय.

बायकांच्या जागेचं विचारलंत म्हणून धालो या बायकांच्या नाच-गाण्याबद्दल सांगतो. पौषात रात्री जेवणखाण आटोपून गावच्या बायका मांडावर जमतात. मांड म्हणजे अंगणातली ठरलेली पवित्र जागा, शेणाने सारवलेली. समोरासमोर दोन ओळी करून, एकमेकींच्या कमरेला हात घालून वाकत-उठत गातात. गाण्यांत धरतीमाता येते, वनदेवता येते, झाडं-पाखरं येतात. अशा कितीतरी रात्री. शेवटच्या दिवशी काही बायकांच्या अंगात येतं. तिथे भटजी नाही, गुरव नाही. नमन घालणारी बाई, मांड राखणारी बाई. माझी आई वर्षभर घरात चार शब्द बोलायची नाही, मांडावर तिचा आवाज पहिला असायचा. त्या मांडाच्या जागेवर आमच्या वाड्यावर आता बंगला आला आहे. गाणी माहीत असणाऱ्या दोघीच उरल्या आहेत.

दूरदेशी

मी कॅलिफोर्नियात राहते. इथे 1970 च्या दशकात स्त्रीवादी चळवळीतून देवीपूजेची मोठी लाट आली. कॅरल क्राइस्ट या विदुषीने 1978 मध्ये सांताक्रूझला दिलेलं भाषण गाजलं. स्त्रियांना देवीची गरज का आहे, हा विषय. तिचं म्हणणं असं की, देव कायम पुरुषच असेल तर बाईला स्वतःचं शरीर, स्वतःची इच्छा, आईचं आणि मुलीचं नातं, यातलं काहीच पवित्र वाटत नाही. स्टारहॉक ही देवीपूजक लेखिका आणि तिच्या सोबतिणींनी तर पूजा आणि आंदोलन एकत्र आणलं, 1981 मध्ये डियाब्लो कॅन्यनच्या अणुवीज प्रकल्पासमोरच्या धरण्यात त्या होत्या.

त्यांच्या वर्तुळात मी कधीमधी जाते. आपल्याकडे देवी पिढ्यान्‌पिढ्या आहे हे ऐकून त्या हरखतात. विचारतात, मग तुमच्याकडच्या बायका किती मोकळ्या असतील! मला उत्तर देता येत नाही. कॅरल क्राइस्टचा युक्तिवाद मला पटतो. पण आपला अनुभव सांगतो की नुसती देवी असणं पुरत नाही. तिच्या नावाने बोलायचा अधिकार कुणाकडे, ते बघावं लागतं.

बेहडा

वनस्पतिशास्त्र शिकवतो, राया फिरण्यात बरीच वर्षं गेली.

महाराष्ट्रातल्या देवरायांचा पहिला शिस्तशीर अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात केला. आज राज्यात अडीच हजारांहून अधिक राया नोंदलेल्या आहेत. नावं वाचत गेलात तर वाघजाई, काळकाई, सोमजाई, जननी, वरदायिनी अशा देवीच भेटत राहतात. गाडगीळांनी एक हकिगत लिहिली आहे. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावच्या काळकाईच्या राईत तोडीच्या खुणा झाल्या, तेव्हा गावकऱ्यांनीच पुण्याच्या शास्त्रज्ञांना कळवलं आणि राई वाचली. गावकऱ्यांची मोठी काळजी पाण्याची होती. राई गेली की ओढा आटणार हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

सुरंगी, तुमच्या काकींचा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने त्या बैठकीतला सगळ्यांत मोलाचा होता. जांभ्याचा कातळ सच्छिद्र असतो. वर पालापाचोळ्याचा जाड थर असला की पाऊस धावत न जाता मुरतो आणि कातळाखालच्या चिकणमातीवरून सरकत पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतो. वर पेव्हर ब्लॉक बसवले की तेच पाणी पावसाळ्यात पऱ्याने वाहून जाईल आणि वैशाखात झरा मुका. "झऱ्याचं काय" याचं उत्तर द्यायचं तर आराखडाच बदलावा लागेल, म्हणून कुणी दिलं नसेल.

दुसरं, धनेश पक्षी. मोठ्या ढोलीची झाडं आता रायांतच उरली आहेत. बेहडा, सातवीण, आंबा. मादी ढोलीत शिरते, दार लिंपून घेते, एक फट ठेवते. नर त्या फटीतून फळं भरवत राहतो, वडा-उंबराची, काकडाची. हे साधारण फेब्रुवारी ते मे. तुमच्या सातविणींना ढोल्या असतील तर नक्की बघा.

माती

चर्चा छान चालली आहे, पण मला थोडं अडायचं आहे.

बाई म्हणजे प्रकृती, बाई मुळातच निसर्गाच्या जवळची, हे म्हणताना जपून. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी 1992 मध्येच हा मुद्दा मांडला होता. बाई रानाच्या जवळ असते ती लाकूड-पाणी आणण्याचं काम तिच्या वाट्याला आलेलं असतं म्हणून, आणि जमीन तिच्या नावावर नसते म्हणून. रान गेलं की पहिली पायपीट तिची. यात गूढ काही नाही. तिला देवीचं रूप म्हटलं की तिच्या डोक्यावरचा हंडा हलका होत नाही.

माझ्या मते पूजेची खरी परीक्षा सातबाऱ्यावर होते. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं 1986 चं चांदवडचं अधिवेशन आठवतं का कुणाला? माझी आई तिथे होती. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा स्वतःहून बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर घरांनी हे केलं, तिथे संघटनेचे नेते शरद जोशी स्वतः जात. आमच्या घरात तेव्हा आईच्या नावावर जमीन झाली. वडिलांनी उतारा आणून आधी देव्हाऱ्यात ठेवला आणि मग तिच्या हातात दिला. घरच्या लक्ष्मीला लक्ष्मी म्हणायचं तर असं, हे मी तेव्हा शिकले.

वेशीबाहेर

लिहू की नको असा विचार करत होते. मी बौद्ध कुटुंबातली. आमच्या गावची राई आमच्या वाडीच्या पाठीलाच लागून आहे. पण माझी पणजी नारळ द्यायची तो बाहेरच्या दगडापाशी. आत जायची मुभा नव्हती, पाळी असो वा नसो. झऱ्याचं पाणीही वरून कुणी ओतेल तेव्हा. 1956 नंतर आमच्या लोकांनी देवी सोडली, मरीआईचा गाडा ओढणं सोडलं. आजोबांनी देव्हारा नदीत सोडला तो दिवस घरात सणासारखा सांगितला जातो.

तेव्हा "देवीच्या राईत बायकांना जागा" असं वाचलं की माझ्या मनात येतं, कोणत्या बायकांना? सवाष्णींना, मानकऱ्यांच्या घरातल्यांना, की सगळ्यांना? विधवांचंही तेच. गौरीला तेरड्याची मुळं धुऊन आणायला त्यांना कोण बोलावतं? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो एका गावाने बसून केला. तसं राईच्या बाबतीतही करता येईल.

मी देवी मानत नाही. झरा मानते. सुरंगीताईंच्या गावच्या झऱ्यासाठी सही लागली तर माझी घ्या.

सुरंगी

वेशीबाहेर, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिताच आलं नाही. आमच्या गावातही झऱ्याची वेगळी बाजू होती, खालची. आता तसं कुणी पाळत नाही, पण बैठकीला त्या वाडीतलं कुणीच नव्हतं, पुरुषही नाही. मागणी करताना सगळ्या वाड्यांच्या बायका बरोबर हव्यात, एवढं तुमच्यामुळे पक्कं झालं.

माती, दिलेलं बिरूद आणि दिलेला हक्क यातला फरक मला मान्य आहे. पण श्रद्धा बाजूला ठेवून ही लढाई मला लढता येणार नाही. काकीला ते झाड नुसतं पाणी मुरवणारं वाटत नाही. तिची मुलगी तापाने गेली तेव्हा ती त्या बेहड्याला मिठी मारून रडली होती, घरात रडायची सोय नव्हती म्हणून. ती जागा गेली तर पाण्याबरोबर तेही जाईल. हे कोणत्या अहवालात बसतं मला माहीत नाही, पण माझ्यासाठी देवी म्हणजे हेच.

नोंदवही

ग्रामपंचायतीच्या कामाचा अनुभव आहे, उपयोगाचं तेवढं सांगतो.

प्रवेशाचा प्रश्न कायद्याने सुटलेला आहे. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2016 ला सांगितलं की देवळात जाणं हा स्त्रियांचा मूलभूत हक्क आहे आणि तो राखणं सरकारचं काम आहे. देवळातल्या प्रवेशाबद्दलचा 1956 चा राज्याचा कायदा त्याच्या मागे आहे. अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण गावात पोलीस आणून राई वाचत नाही, म्हणून मी दुसऱ्या वाटेने जा म्हणेन.

जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, त्यात किमान एक तृतीयांश बायका. बहुतेक ठिकाणी ही समिती कागदावर असते. तुमच्या गावची कुणाकुणाची आहे ते मागवा. काकींचं नाव त्यात यायला काहीच अडचण नाही. ही समिती गावच्या झाडा-प्राण्यांची जी लोकजैवविविधता नोंदवही ठेवते तिच्यात राई, झरा, ढोलीची झाडं यांची नोंद करून घ्या. शिवाय ग्रामसभेआधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. तिथे ठराव करा की राईतलं झाड आणि झऱ्याच्या वरचं बांधकाम यावर महिला सभेचं मत घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. जमीन कुणाच्या नावे आहे तेही तपासा. वनखात्याची निघाली तर परवानगीशिवाय कुऱ्हाडच लावता येत नाही.

जांभा

सगळं वाचलं. वेशीबाहेर यांचं दोनदा वाचलं.

पाळीच्या नियमाबद्दल माझं मन अजून तयार नाही, खोटं बोलणार नाही. पण बैठकीत बायका हव्यात, सगळ्या वाड्यांच्या हव्यात, हे मी आमच्या गावात उघड बोलेन. सुरंगीताई, एक सुचवतो. तुमच्या मानकऱ्यांनी सातवीण तोडण्यासाठी कौल घेतलाय का, विचारा. माझी खात्री आहे, घेतला नसेल. आमच्याकडे काळकाईला छप्पर चालत नाही अशीच समजूत आहे. तुमच्याकडच्या जाणत्यांनाही ते माहीत असणार. कौल घेतल्याशिवाय झाड गेलं तर शिमग्याला पालखी कोणत्या तोंडाने उचलणार, हे मानकऱ्याला मानकऱ्यानेच विचारलेलं बरं. मी यायला तयार आहे.

सुरंगी

जांभादादा, नक्की या. कौल घेतलेला नाही, कालच काकीने गुरवाला विचारलं. महिला सभेसाठी सरपंचबाईंशी बोलणं झालंय, त्या मेच्या सुट्टीत चाकरमानी यायच्या आत घेऊ म्हणाल्या. बेहडासर, नोंदवहीसाठी यादी कशी करायची ते जरा सांगाल का? काकीला शंभरेक झाडं तरी नावानिशी माहीत आहेत, पण तिला लिहिता येत नाही.

बेहडा

लिहिण्याचं काम शाळेतल्या मुलींना द्या, त्यांना घेऊन काकींनी राईत फिरायचं. काकी सांगतील तेच नाव आधी लिहा, पुस्तकी नाव मी नंतर भरेन. झाड, वेल, झुडूप वेगवेगळ्या पानांवर. प्रत्येकापुढे उपयोग. साल कशासाठी, मुळी कशासाठी, फळ कोण खातं. सीतेचा अशोक दिसला तर ठळक लिहा. त्याची साल बायकांच्या दुखण्यावर चालते म्हणून बाहेर फार ओरबाडला गेलाय, रायांतच टिकून आहे. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर दोरीने मोजा. ढोली असेल तर जमिनीपासूनची अंदाजे उंची लिहा आणि खाली विष्ठा, बिया पडल्यात का बघा. पडल्या असतील तर आत मादी बसलेली आहे. मग तिथे गर्दी करू नका, आवाज नको, लांबून फोटो काढा. झऱ्याचं पाणी हंडा भरायला किती वेळ लागतो ते आत्ता आणि मग दर पंधरवड्याला मोजून ठेवा. मी पुढच्या आठवड्यात येतोय.